प्लॉटचा नकाशा काढण्याआधी पाण्याचा नकाशा काढा: नाशिकमध्ये नव्या बांधकामासाठी पूरधोका कसा तपासायचा

नाशिकमध्ये पूर मोजायचं माप सगळ्यांच्या तोंडी असतं. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, डोक्यावरून गेलं. त्याच्याही वर गेलं की नारोशंकराच्या घंटेकडे बघायचं. पिढ्यानपिढ्यांचं हे माप खरं आहे, पण ते रामकुंडापुरतं. पाथर्डीच्या शिवारातल्या लेआउटला किंवा मखमलाबादच्या मळ्यात उभ्या राहणाऱ्या सोसायटीला मारुतीकडे बघून काही कळत नाही. तिथे येणारं पाणी गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, नसतंच. ते वरच्या शेतातून, बुजवलेल्या ओहोळातून, रस्त्याखालच्या तुंबलेल्या मोरीतून येतं.

मी गेली बावीस वर्षं या परिसरात लेआउटची आखणी आणि पाण्याच्या निचऱ्याची कामं करतो. लोक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: ‘प्लॉट पूररेषेत आहे का हो?’ नाही म्हटलं की विषय संपला, असं त्यांना वाटतं. तो तिथे संपत नाही. म्हणून हा लेख. जमीन घेणारे, शेतजमीन विकसनाला देणारे शेतकरी, लहान बिल्डर आणि या कामात नव्याने आलेले इंजिनिअर, सगळ्यांना वापरता येईल अशा क्रमाने लिहितो आहे.

पहिलं काम: पाण्याच्या वाटा लिहून काढा

कोरा कागद घ्या. त्यावर फक्त एवढंच लिहा: या जागेवर पाणी कुठून कुठून येऊ शकतं?

पहिली वाट नदीची. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि पूर म्हटलं की तीच डोळ्यांसमोर येते. पण नासर्डी म्हणजे नंदिनी आहे, वाघाडी आहे, वालदेवी आहे, नाशिकरोडच्या पलीकडे दारणा आहे. प्रत्येकीचा स्वभाव निराळा. गोदावरीवर गंगापूर धरण आहे, त्याच्या वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही धरणं आहेत. त्यामुळे गंगेचा पूर बहुधा सांगून येतो. विसर्गाचे आकडे जाहीर होतात, काठावरच्या लोकांना हलायला काही तास मिळतात. नासर्डी आणि वाघाडीला वर धरण नाही. डोंगराकडे तासभर मुसळधार कोसळला की पाणी थेट वस्तीत. नासर्डीकाठच्या जागेसाठी इशाऱ्यावर भरवसा ठेवून आराखडा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धरणाबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. धरण पूर अडवतं ते त्यात जागा शिल्लक असेतोवर. १९६९ आणि २००८ हे नाशिककरांच्या लक्षात राहिलेले दोन्ही मोठे पूर सप्टेंबरमधले आहेत. सप्टेंबरात धरणं भरत आलेली असतात, जमिनीने पोटभर पाणी प्यालेलं असतं. मग वरून जेवढं येईल तेवढं खाली सोडण्यावाचून पर्याय उरत नाही. शिवाय धरणातून सोडलेला विसर्ग आणि अहिल्यादेवी होळकर पुलाखालून जाणारा विसर्ग एक नसतो. मधल्या पट्ट्यातला पाऊस, उपनद्या आणि नाले त्यात भर घालतात. बातमीत गंगापूरचा आकडा वाचून ‘एवढ्याने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते.

दुसरी वाट नाल्याची आणि तिसरी फुगवट्याची. फुगवट्यावर थोडं थांबतो, कारण तो नकाशावर दिसत नाही. नदी भरून वाहत असली की तिला मिळणाऱ्या नाल्याचं तोंड बंद होतं. नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढत जातं. सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी शिरतं ते बऱ्याचदा काठ ओलांडून नाही, सरस्वती नाल्याच्या वाटेने. खाली निफाड तालुक्यात सायखेडा-चांदोरीला हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. दारणा आणि गोदावरी एकत्र येतात, पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, आणि दोन्ही नद्यांचं पाणी गावांवर चढून थांबतं. तेव्हा तुमचा प्लॉट नदीपासून अर्धा किलोमीटर लांब आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. जवळचा नाला नदीला कुठे मिळतो आणि तिथे नदी किती चढते, ते बघा.

चौथी वाट वरच्या जमिनीवरून वाहत येणाऱ्या पाण्याची. शेतात बांध आणि चर असतात, पाणी अडत अडत येतं. शेतं जाऊन लेआउट झालं की तेच पाणी एका झटक्यात खाली उतरतं. पाचवी वाट गटारांची. भरलेल्या पावसाळी गटारातलं पाणी उलटं फिरून तळमजल्याच्या चेंबरमधून वर येतं. यांतल्या कोणत्या वाटा तुमच्या जागेला लागू आहेत त्यांवर खूण करा. पुढची सगळी कामं त्या खुणांवरून ठरतील.

कागदपत्रं: सातबारा नीट वाचा, गाव नकाशा त्याहून नीट

सातबाऱ्यावर सगळे मालकी आणि बोजा बघतात. मी आधी पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, बघतो. शेतीच्या गटात काही गुंठे पोटखराबा लावलेला असेल तर तो कशाचा, हे विचारलंच पाहिजे. कधी खडक असतो, कधी विहीर असते, आणि बऱ्याचदा ओढा असतो. आज जागेवर तो ओढा दिसणार नाही. कुणीतरी मुरूम टाकून जमीन एकसारखी केलेली असते. पण पाण्याला कोणी सांगितलेलं नसतं.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा, गटाचा मोजणी नकाशा आणि मिळाला तर जुना टिप्पण, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळचं रेखाटन, काढा. गाव नकाशावर ओढे-नाले रेखलेले असतात. तो नकाशा महापालिकेच्या विकास आराखड्याच्या भाग नकाशावर ठेवून बघा. शहराचा सध्याचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. हद्दीबाहेर असाल तर नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे चौकशी करा. झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते याचा दाखला) घेताना नाला, पूररेषा आणि आरक्षण यांचा उल्लेख दाखल्यात आहे का ते तपासा. नसेल तर लेखी विचारा. तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी साडेतीन एकरांचा गट घेतला. कागदपत्रं स्वच्छ, पूररेषा दूर, जागा सपाट. गाव नकाशावर गटाच्या ईशान्य कोपऱ्यातून एक बारीक ओहोळ जात होता. जागेवर त्याचा मागमूस नव्हता. वरच्या गटाच्या मालकाने तो चार वर्षांपूर्वी बुजवला होता. शेजारचे आजोबा म्हणाले, ‘आम्ही त्याला लवण म्हणायचो, तिथे भात लावायचो.’ लवण म्हणजे पाणी साचणारी खोलगट जागा. ज्या भागात कोणी भात लावत नाही तिथे एका पट्ट्यात भात होत असेल, तर पाणी कुठे साचतं याचा याहून चांगला पुरावा नाही. आम्ही त्या पट्ट्यात इमारत न घेता मोकळी जागा आणि उघडा चर ठेवला. पहिल्याच जुलैत तो चर दोन्ही काठ भरून वाहिला.

जुनी उपग्रहचित्रंही बघा. आंतरजालावर वीस वर्षांपूर्वीपर्यंतची चित्रं सहज मिळतात. पावसाळ्यानंतरच्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चित्रांत हिरवा पट्टा दिसतो. तो बऱ्याचदा बुजवलेल्या ओढ्यावर असतो. मात्र उपग्रहावरून मिळणाऱ्या फुकट उंचीच्या आकड्यांवर विसंबून जोत्याची पातळी ठरवू नका. त्यांत काही मीटरांची चूक असू शकते आणि तुमचा प्रश्न सेंटिमीटरांचा आहे.

निळी रेषा, लाल रेषा आणि त्यांचा खरा अर्थ

महाराष्ट्रात नदीला दोन पूररेषा असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांतला जो मोठा असेल त्याची पातळी म्हणजे निळी रेषा. सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. गोदावरीकाठी हा विषय २००८ च्या पुरानंतर ऐरणीवर आला आणि आजही गावठाणातल्या वाड्यांच्या पुनर्बांधणीत रोज निघतो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द फार फसवे आहेत. ‘माझ्या हयातीत कशाला येतोय?’ असं लोक म्हणतात. हिशेब करून बघा. दर वर्षी शंभरात एक शक्यता असेल, तर घराचं कर्ज फेडायच्या तीस वर्षांत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. म्हणजे चारातल्या एका घराला तो बघावा लागेल. २५ वर्षांच्या पुरासाठी हीच शक्यता तीस वर्षांत ७० टक्क्यांच्या वर जाते. निळ्या रेषेच्या आत घर घेणाऱ्याने पूर येणारच असं धरून चालावं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिच्यानुसार निळ्या रेषेच्या आत नवी इमारत नाही. पार्किंग, बाग, हिरवळ, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, मलनिस्सारण केंद्र, जलवाहिन्या अशा वापरांना वाव आहे. तिथल्या जुन्या अधिकृत बांधकामाचा पुनर्विकास करायचा तर जलसंपदा विभागाचा ना हरकत दाखला लागतो आणि जोतं लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकामाला परवानगी मिळू शकते, तिथेही हीच ०.४५ मीटरची अट. आणि एक तरतूद बिल्डर मंडळींनी जरूर वापरावी: प्लॉटचा काही भाग निळ्या रेषेच्या आत येत असेल, तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे बांधायला मिळणारं चटईक्षेत्र, उरलेल्या जागेवर वापरता येतो. म्हणजे नदीकाठ मोकळा सोडल्याने चटईक्षेत्र बुडत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक काठापर्यंत बांधायचा हट्ट धरतात.

इथे मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. पूररेषा ही मुळात पातळी आहे, कागदावरची रेघ नंतरची. आराखड्याच्या लहान प्रमाणाच्या नकाशावर रेघेची जाडीच काही मीटर भरते. म्हणून नाशिक पाटबंधारे विभागाकडे अर्ज करून तुमच्या गटासमोरच्या नदीच्या आडव्या छेदावर निळ्या आणि लाल रेषेची पातळी मीटरमध्ये किती आहे, ते लेखी मागा. मग ती पातळी जागेवर आखून घ्या. चुना टाकून रेघ ओढली की जमिनीचा मालक पहिल्यांदा गप्प होऊन बघतो, असा माझा अनुभव आहे.

लहान नाल्यांना मात्र बहुतेक ठिकाणी पूररेषाच आखलेली नसते. रेषा नाही म्हणजे पूर नाही, असा अर्थ कोणी काढू नये. नियमावलीत नाल्यापासून सोडायचं अंतर दिलेलं आहे, ते सोडावंच लागतं. पण ते किमान अंतर आहे. नाल्याचं पाणी किती पसरतं हे तुम्हालाच काढावं लागेल.

माणसांना विचारा, पण नेमकं विचारा

‘इथे पूर येतो का?’ असं विचारलं तर जमीन विकणारा ‘नाही’ म्हणतो आणि शेजारी ‘कधी कधी’ म्हणतो. दोन्ही उत्तरांचा उपयोग नाही. मी असं विचारतो: २००८ च्या सप्टेंबरात तुम्ही कुठे होतात? २०१६ च्या ऑगस्टात गुरं कुठे बांधली होती? २०१९ च्या ऑगस्टात पाणी कुठल्या पायरीला लागलं? वर्ष, महिना आणि वस्तू यांना धरून विचारलं की माणसाची आठवण लख्ख होते. ‘चुलीत पाणी आलं होतं’, ‘ट्रॅक्टरचं पुढचं चाक बुडालं होतं’, ‘मारुतीच्या पारावर आम्ही रात्र काढली’. अशी तीन-चार उत्तरं एकमेकांशी जुळली की तो पुरावा झाला.

बायकांना आवर्जून विचारा. पाणी घरात शिरलं तेव्हा धान्याच्या कोठ्या त्यांनी उचललेल्या असतात. किती विटांवर ठेवल्या होत्या, हे त्या बोटाने दाखवतात.

प्रत्येक खुणेचा फोटो घ्या, लगेच रंगाने रेघ मारा आणि तारखेसह, पण सांगणाऱ्याचं नाव न घालता, नोंद करा: कोणत्या पुराचं पाणी, किती वेळ टिकलं, वाहतं होतं की साचलेलं, गढूळ होतं की गटाराचं. किती वेळ टिकलं हे फार महत्त्वाचं. नासर्डीचं पाणी दोन तासांत ओसरतं, फुगवट्याचं दिवसभर बसून राहतं. दोघांसाठी आराखडा वेगळा.

शक्य असेल तर व्यवहाराआधी एक पावसाळा जागा बघा. तेवढा धीर नसेल तर निदान जुलै-ऑगस्टात जोराचा पाऊस चालू असताना रेनकोट चढवून जा. उन्हाळ्यात जागा दाखवणाऱ्याला मी नेहमी सांगतो, मला हीच जागा आषाढात दाखव.

पातळी मोजणी

यावर खर्च करायला लोक कां-कू करतात आणि नेमका तोच खर्च सगळ्यात स्वस्त पडतो. सर्व्हेअरला सांगा: पातळ्या जवळच्या सरकारी बेंचमार्कला, म्हणजे उंची आधीच ठरलेल्या खुणेला, बांधूनच हव्यात. ‘गेटचा दगड १०० मीटर’ असं धरून केलेली मोजणी पूररेषेशी जुळवता येत नाही, कारण पूररेषेची पातळी समुद्रसपाटीवरून असते.

मोजणी फक्त प्लॉटची करू नका. खालच्या बाजूला नाला जिथे मिळतो तिथपर्यंत आणि वरच्या बाजूला निदान दोनशे-तीनशे मीटर जा. नाल्याचा तळ, दोन्ही काठ, प्रत्येक मोरीचा आणि पुलाचा तळ व माथा, समोरच्या रस्त्याचा मध्य, शेजाऱ्याचं जोतं, आणि लोकांनी दाखवलेल्या सगळ्या पूरखुणा त्याच मोजणीत घ्या. अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढून घ्या. सपाट जागेला पाव मीटरच्या.

रस्त्याची पातळी मी मुद्दाम म्हटली. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे शहरात आणि भोवताली रस्त्यांची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली आहेत. रस्त्यावर थर चढत जातात आणि एके दिवशी रस्ता अंगणाहून उंच होतो. मग रस्ता हाच बांध आणि तुमचा प्लॉट हे तळं. जोतं ठरवताना आजचा रस्ता धरू नका. पुढची दोन-तीन नूतनीकरणं मनात धरा.

नाल्याचं पोट किती, पाणी किती

आता थोडा हिशेब. घाबरू नका, दहावीच्या गणिताचा आहे. नाल्यात येणारं पाणी काढायचं साधं सूत्र असं: प्रवाह-गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) गुणिले पावसाची तीव्रता (तासाला मिलिमीटर) गुणिले पाणलोटाचं क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंद येतं. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३५ घनफूट, म्हणजेच ३५ क्युसेक.

समजा तुमच्या प्लॉटजवळच्या नाल्याचं पाणलोट १५० हेक्टर आहे, आणि सगळी शेती आहे. गुणांक ०.३५ धरा, पाऊस तासाला ६० मिलिमीटर. उत्तर येतं ८.७५ घनमीटर प्रति सेकंद. आता नाला मोजा: रुंदी ४ मीटर, खोली दीड मीटर, म्हणजे ६ चौरस मीटर छेद. वेग सेकंदाला दीड मीटर धरला तर नाला ९ घनमीटर वाहून नेतो. जेमतेम पुरतो. गावातले म्हणतात ‘नाला कधी फुटला नाही’, ते खरंच आहे.

पुढच्या पंधरा वर्षांत वरच्या १५० हेक्टरांवर घरं झाली. छपरं, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक. गुणांक ०.६ झाला. त्याच पावसात पाणी १५ घनमीटर. नाला मात्र तोच, ९ चा. उरलेलं ६ घनमीटर पाणी दर सेकंदाला काठाबाहेर. म्हणूनच आज काय होतं यावर न थांबता विकास आराखड्यात वरच्या भागाचा झोन काय आहे ते बघा. पिवळा असेल, म्हणजे रहिवासी, तर गुणांक वाढवूनच हिशेब करा.

आणि आता सगळ्यात दुखरी गोष्ट. या ९ घनमीटरच्या नाल्यावर कुणीतरी ये-जा करायला मोरी टाकतो: ९०० मिलिमीटरचे दोन पाइप. एका पाइपाचा छेद ०.६४ चौरस मीटर. वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तरी दोन पाइप मिळून अडीच घनमीटर. नाल्याच्या ताकदीचा चौथा हिस्सा फक्त. त्यात एक प्लास्टिकची गोणी आणि दोन फांद्या अडकल्या की तेही गेलं. मी पाहिलेल्या दहा पूरप्रसंगांत निम्म्याहून अधिक वेळा दोष पावसाचा नसून अशा मोरीचा होता. तुमच्या खालच्या बाजूला अशी मोरी असेल तर ती बदलण्याचा प्रश्न परवानगीच्या अर्जाबरोबरच लेखी मांडा. तुम्हाला स्वतःला नाला ओलांडायचा असेल तर पाइप नको. पूर्ण छेदाचा स्लॅबचा पूल घ्या. नाला बंदिस्त करून वर पार्किंग करू द्या, असं सुचवणारा कोणी भेटला तर त्याला हा हिशेब दाखवा. बंदिस्त नाल्यातला गाळ कुणाला दिसत नाही, म्हणून तो काढलाही जात नाही.

पावसाची तीव्रता किती धरायची हा प्रश्न येईल. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०१९ मध्ये पावसाळी निचऱ्याची मार्गदर्शिका काढली, तीत स्थानिक पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून तीव्रता काढायची पद्धत दिली आहे. नाशिकला त्यात एक खाचखळगा आहे. शहरात पडणारा पाऊस आणि त्र्यंबक-इगतपुरीकडे पडणारा पाऊस यांत कित्येक पटींचा फरक असतो. पाणलोट पश्चिमेच्या डोंगरात असेल तर शहरातल्या नोंदी धरून चालणार नाही. मोठ्या प्रकल्पासाठी जलविज्ञानाचा जाणकार नेमाच. दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’मुळे (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या विषयात काम केलेली निवृत्त अभियंता मंडळी नाशिकमध्ये भरपूर आहेत.

तुमच्या प्लॉटमुळे शेजाऱ्याकडे किती पाणी जाईल

हा भाग कोणी स्वतःहून विचारत नाही. समजा दोन हेक्टरांचं लेआउट आहे. तासभरात ६० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १२०० घनमीटर पाणी. शेत असताना, गुणांक ०.३ धरला तर, त्यातलं सुमारे ३६० घनमीटर बाहेर वाहायचं. बांधकामानंतर गुणांक ०.८ झाला तर ९६० घनमीटर. म्हणजे तुमच्या प्रकल्पामुळे एका तासात ६०० घनमीटर, सहा लाख लिटर जास्तीचं पाणी खालच्या माणसाच्या दारात जाणार.

ते अडवायला हवं. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल जागा एवढी साठवण देते. ती टाकी असेलच असं नाही. खेळाचं मैदान अर्धा-पाऊण मीटर खोलगट ठेवलं, बागेत लवण ठेवलं, छपराचं पाणी टाक्यांत घेतलं, तर बरीचशी साठवण फुकट होते. बाहेर पडायची वाट लहान ठेवायची, म्हणजे पाणी सावकाश उतरतं. आणि ही साठवण पाऊस यायच्या आधी रिकामी असली पाहिजे. शोभेसाठी बारमाही भरलेलं तळं पूर अडवत नाही. शोषखड्डे करायचे तर आधी माती बघा. मुरूम असेल तर पाणी मुरतं. काळी माती एकदा भिजून फुगली की थेंब घेत नाही, आणि कठीण काळ्या खडकावर तर शोषखड्डा म्हणजे नुसता हौद.

भरावाबद्दल इथेच सांगतो. एक एकर जमिनीवर दीड मीटर भराव टाकलात तर सहा हजार घनमीटर, साठ लाख लिटर पाण्याची बसायची जागा गेली. ते पाणी समोरच्या काठावर किंवा खालच्या वस्तीत बसतं. जोतं उंच करायचं असेल तर सगळा प्लॉट भरून काढू नका. इमारत खांबांवर घ्या, खालून पाणी जाऊ द्या.

आराखडा करताना

सगळ्यात खालची जागा पाण्याला द्या: बाग, चर, मोकळी जागा. सगळ्यात उंच जागी इमारत आणि रस्ता. हे वाचायला सोपं आहे, पण बहुतेक लेआउटमध्ये उलटं दिसतं. मोकळी जागा वाकड्यातिकड्या कोपऱ्यात ढकललेली असते आणि लवणाच्या मधोमध प्लॉट पाडलेले असतात.

नियमाचे ०.४५ मीटर हे किमान. खाली अरुंद मोरी असेल, फुगवटा असेल, तर आणखी वर जा. बेसमेंटचा मोह अशा जागी सोडून द्या. घ्यायचंच असेल तर उताराच्या तोंडाशी रस्त्याहून उंच उंचवटा, हवेच्या झरोक्यांची पातळी पूरपातळीच्या वर, आणि जनित्रावर चालणारे पंप हवेत. ते जनित्रही बेसमेंटमध्ये नको. मीटरची खोली, लिफ्टचं यंत्र, ट्रान्सफॉर्मर पूरपातळीच्या वर घ्या. पिण्याच्या पाण्याच्या जमिनीतल्या टाकीचं झाकण वर उचला, नाहीतर पूर ओसरल्यावर खरं दुखणं सुरू होतं. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला उलट पाणी रोखणारी झडप बसवा.

कुंपणाची भिंत पाण्याच्या वाटेवर आडवी येत असेल तर तिच्या तळाला जाळीची तोंडं ठेवा. सलग भिंत पाणी अडवते आणि मग एकदम कोसळते. भिंतीजवळ झोपलेली मजुरांची मुलं आधी सापडतात. कामगारांच्या झोपड्या नाल्याकाठच्या मोकळ्या पट्ट्यात कधीही टाकू देऊ नका. बांधकाम चालू असतानाचा पूरधोका हा आराखड्याचाच भाग आहे.

आणखी एक प्रश्न: इमारत कोरडी राहिली, पण बाहेर पडायचा रस्ता? वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी माणसाचे पाय सुटतात, दोन फूट पाण्यात मोटार वाहून जाते. रात्री दोन वाजता बाळंतीण हलवायची वेळ आली तर कोणत्या वाटेने नेणार, ते नकाशावर रेघ ओढून दाखवा. अशी वाट नसेल तर तिथे दवाखाना, शाळा, वृद्धाश्रम नको.

अहवाल आणि पहिला पावसाळा

हे सगळं आठ-दहा पानांत लिहा: पाण्याच्या वाटा, पूरखुणांची पातळी, पूररेषेचा दाखला, नाल्याचा हिशेब, साठवणीचा हिशेब, जोत्याची ठरवलेली पातळी आणि तिचं कारण. एरवी लहान प्रकल्पाला कोणी हे मागत नाही. तरी करा, आणि एक प्रत सोसायटीच्या कागदपत्रांत ठेवा. फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरकडे हीच कागदं मागावीत. ‘पूररेषेबाहेर आहे’ एवढ्या एका वाक्यावर बुकिंगची रक्कम देऊ नये.

जोतं भरून झालं की स्लॅबच्या आधी पातळी पुन्हा तपासून घ्या. कागदावर ०.४५ आणि जागेवर ०.३० असं मी तीनदा पकडलं आहे. इमारतीच्या दर्शनी खांबावर लाल रेषेची पातळी तैलरंगाने आखा, बाजूला मीटरचा आकडा लिहा. पावसाळ्याआधी मे महिन्यात चर आणि मोऱ्या साफ करण्याचं काम सोसायटीच्या वार्षिक खर्चात घाला. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा, चर कुठवर भरला, मोरीच्या तोंडाशी किती तुंबलं, ते त्याच खांबावर खडूने मांडा, आणि तारीख टाका.